उभ्या उभ्या खाल्लेलं

गल्लीतली पोरं तिला ‘कालकायखाल्लं’ म्हणायची. बाई अकरा वर्षं आहाराच्या पाहणीसाठी दारोदार फिरून मोठ्या माणसांना एकच विचारायची: काल भाजी किती वेळा खाल्ली, फळ किती वेळा? आता ह्याला कुणी नोकरी म्हणेल का! पण आजारी नवऱ्याची औषधं, घरभाडं, सगळं त्या प्रश्नावर चालायचं.

यंदा मात्र माशी शिंकली. तिच्या वाट्याला पहिल्यांदाच डोंगराचा भाग आला. नदीकाठची माणसं दिवसातून दोनदा फळ खातात आणि डोंगरावरची एकदाही नाही, असे आकडे निघाले. डोंगरावर तर जिकडे बघावं तिकडे पेरूच्या बागा! साहेबांनी फॉर्म टेबलावर आपटले.

“वर चढलाच नाहीत तुम्ही. घरी बसून शून्यं काढलीत.”

“नाही हो साहेब, एकही दार सोडलं नाही.”

“उद्या मी येतो बरोबर. खोटं निघालं तर परवापासून कामावर येऊ नका.”



ती एरवी संध्याकाळी जायची, तेव्हा माणसं घरी सापडतात म्हणून. साहेबांना सवड सकाळची. घरांना कुलपं, म्हणून दोघं थेट बागेत शिरली. तिथे एक सासू आणि तिची सून पेरू तोडून टोपल्या भरत होत्या.

“काल फळ किती वेळा खाल्लं?” बाईने विचारलं.

“फळ? छे हो, एकदाही नाही,” सून म्हणाली आणि हातातल्या पेरूचा लचका तोडला.

“मग हे तोंडात काय आहे?” साहेब ओरडले.

“अहो, हे काय खाणं झालं?” सासूला हसू आवरेना. “काम करता करता, उभ्या उभ्या. खाणं म्हणजे कसं, बसून, ताट समोर घेऊन.”

“असे दिवसाला किती होतात?” साहेबांनी विचारलं.

“मोजतंय कोण! पाच-सहा होत असतील.”

बाई मटकन बांधावरच बसली. “सुटले गं बाई, सुटले!” म्हणाली आणि डोळे पुसू लागली. सासूने तिच्या हातात पेरू ठेवला, साहेबांच्याही.

“चुकलो मी, बाई,” साहेब खाली मान घालून म्हणाले. “प्रश्नच अर्धवट होता आपला. एक ओळ वाढवू. पण सगळा डोंगर पुन्हा करावा लागेल. कराल ना?”

“न करून सांगते कुणाला!”

घरी पोचली तेव्हा नवरा आतूनच म्हणाला, “काय झालं गं? नोकरी राहिली ना?”

“राहिली! साहेबांनी माफी मागितली.”

“बरं झालं बाई. दिवसभरात काही खाल्लंस का?”

“कुठलं हो! सकाळपासून पोटात काही नाही,” ती म्हणाली आणि चप्पल काढता काढता थबकली. डोंगर उतरताना तिने चार पेरू फस्त केले होते. ती दारातच खो-खो हसत सुटली. कित्येक दिवसांनी ते हसणं ऐकलं, म्हणून नवरा काठी टेकत बाहेर बघायला आला.