ब्रेक ठीक होते, तरी गाडी थांबली नाही

नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. आरोपीचा चेहरा आठवला तर वर्ष आठवत नाही, वर्ष आठवलं तर पोलीस ठाणं आठवत नाही. माजिवड्याचा तो अपघात मात्र मला पहिल्या पंचनाम्यापासून शेवटच्या कागदापर्यंत आठवतो. कारण त्यात एका निर्दोष माणसाविरुद्धचं दोषारोपपत्र मी जवळजवळ तयार केलं होतं.

नवरात्र सुरू होतं. ठाण्यातल्या आमच्या पोलीस ठाण्याची निम्मी माणसं टेंभी नाक्याच्या बंदोबस्ताला गेलेली. एरवी अपघाताचा तपास उपनिरीक्षकाकडे जातो, पण माणसं नसल्यामुळे तो मी स्वतःकडे ठेवला. सकाळी दहाच्या सुमारास माजिवड्याच्या उड्डाणपुलावरून उतरणारी एक परदेशी बनावटीची आलिशान गाडी रस्ता सोडून पदपथावर चढली होती. तिथे मासे विकायला बसलेल्या एका कोळणीच्या पाटीला धडकून ती भिंतीला टेकली. कोळणीचा पाय गुडघ्याखाली मोडला. भिंतीपासून दहा पावलांवर बसचा थांबा होता आणि थांब्यावर रांग होती.

चालक पळून गेला नव्हता. त्यानेच त्या बाईला रिक्षात घातलं, रुग्णालयात नेलं आणि तिथून आमच्या हवालदाराबरोबर ठाण्यात आला. पंचेचाळिशीचा, कल्याणच्या कोळसेवाडीत राहणारा, बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस. गाडी ठाण्यातल्या एका व्यावसायिकाची, हा त्यांच्याकडे पगारावर. शर्टावर त्या बाईच्या रक्ताचे डाग होते. पाणी दिलं तर ग्लास नुसता हातात धरून बसला.

"साहेब, उतारावर गाडी एकदम बंद पडली," तो म्हणाला. "पहिल्यांदा ब्रेक थोडा लागला. मग पेडल दगड झालं. स्टेअरिंग वळेना. समोर थांब्यावर माणसं होती, म्हणून सगळा जोर लावून डावीकडे काढली."

मी लिहून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. ब्रेक लागला नाही असं न सांगणारा चालक मी तोवर पाहिला नव्हता.

पुढच्या चार दिवसांत कागद एकेक करून त्याच्या विरोधात जमत गेले. वैद्यकीय तपासणीत दारू नव्हती, फोनवर बोलत असल्याची नोंद नव्हती, एवढंच काय ते त्याच्या बाजूने. मोटार वाहन निरीक्षक आले, गाडी आमच्या आवारात चालवून पाहिली. एका बटणात सुरू झाली. ब्रेक ठीक, स्टेअरिंग ठीक. अहवाल अगदी बरोबर होता. गाडी त्या वेळी खरोखरच ठीक होती. आमची वाहनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने गाडीतला दोष दाखवणारं हातातलं छोटं स्कॅनर लावलं, त्यातही काही निघालं नाही. गाडीमालक कंपनीच्या सर्व्हिसची बिलं घेऊन आले. "गाडी कायम कंपनीतच जाते," ते म्हणाले. "याला डुलकी लागली असणार."

चालकाची बायको रोज डबा घेऊन यायची. नवऱ्याला जामीन झाला होता, तरी चौकशीला बोलावलं की तो दिवसभर बाकावर बसून असायचा. परवाना आमच्याकडे जप्त, नोकरी गेलेली. एकदा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, हे खोटं बोलत नाहीत," एवढंच म्हणाली आणि गेली. हे वाक्यही मी आधी अनेकदा ऐकलेलं होतं.

पाचव्या दिवशी मी रुग्णालयात जाऊन कोळणीचा जबाब घेतला. साठीची बाई, पाय प्लास्टरमध्ये, पण आवाज बाजारातलाच. ती चालकावर चिडलेली असेल असं मी गृहीत धरलं होतं.

"त्याला झोप लागली होती का, मावशी?"

"झोप?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "वरून आला तवा हॉर्न मारीत व्हता. हातान सरका, सरका करीत व्हता. मी त्याचे डोले बघले. झोपलेला मानूस हात कसा करील, तूच सांग."

ठाण्यात परतलो, जवळजवळ लिहून झालेलं दोषारोपपत्र बाजूला ठेवलं. फाडलं नाही. तेवढी खात्री अजून नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाणे अंमलदाराने मला हाक मारली. लँडलाइनवर कोणीतरी तपास अधिकाऱ्याला मागत होतं. पुरुषाचा आवाज, घाईतला. "तुमच्याकडे माजिवड्याची काळी गाडी उभी आहे ना? साध्या स्कॅनरवर तिचा दोष दिसणार नाही. फ्यूल पंपाचं कंट्रोल युनिट बघा. आणि गाडी गरम करून बघा, थंड नको." मी नाव विचारलं तसा फोन बंद झाला. स्टेशन डायरीला नोंद केली आणि नंबर मिळवण्यासाठी पत्र पाठवलं, पण उत्तर यायला वेळ लागणार होता.

निनावी फोनच्या बाबतीत माझा एक नियम होता. सांगणारा कोण हे नंतर, तो काय सांगतो ते आधी तपासायचं. पण हे तपासणार कोण? आमच्यापैकी कोणालाच ते युनिट गाडीत कुठे असतं हे ठाऊक नव्हतं. चौकशी केल्यावर कोलशेतच्या एका वर्कशॉपचा पत्ता मिळाला. तिथे फक्त अशाच महागड्या गाड्या दुरुस्त होत. ते चालवणारी इंजिनिअर टेंभी नाक्याच्या चाळीत वाढलेली, पस्तीसेक वर्षांची मुलगी होती. परवानगीचे कागद पुरे करून, दोन पंच बरोबर घेऊन आम्ही गाडी टो करून तिथे नेली.

आमच्या स्कॅनरने काही दाखवलं नाही हे मी तिला सांगितलं.

"नाहीच दाखवणार, सर," ती म्हणाली. "ह्या गाडीत एक कॉम्प्युटर नसतो, प्रत्येक कामाला वेगळा असतो. इंजिनचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, पेट्रोल सोडणाराही वेगळा. तुमचं मशीन फक्त इंजिनवाल्याला विचारतं, आणि तेही आत्ता काही होतंय का एवढंच. मला सगळ्यांना विचारावं लागेल, आणि मागे काय काय झालेलं तेही."

तिने स्वतःचं उपकरण जोडलं. त्यासाठी कंपनीच्या प्रणालीची परवानगी लागते, दरवर्षी नव्याने शिकावं लागतं, असं ती काम करता करता सांगत होती. बराच वेळ पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. मग तिने एका ओळीवर बोट ठेवलं. अपघाताच्या दिवशी, गाडी चालू असताना पंपाच्या युनिटचा संपर्क तुटला होता. इंजिन बंद, चाकं फिरताहेत, ब्रेकचं पेडल दाबलेलं.

"आणि सर, हे युनिट ह्या गाडीचं नाहीच. आतला नंबर दुसऱ्या गाडीचा आहे. कोणीतरी जुनं काढून बसवलंय. ह्या गाडीशी जुळवायला लागतं ते कोडिंगसुद्धा केलेलं नाही."

"पण आमच्याकडे तर गाडी दर वेळी सुरू होत होती."

"थंड होती म्हणून. थांबा जरा."

गाडी जागेवरच सुरू ठेवली. मी चालकाच्या जागी बसलो, पंच बाजूला उभे राहिले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. काहीच होईना. आपण एका निनावी फोनवर दिवस घालवला असं मला वाटू लागलं. आणि तेवढ्यात कसलाही आवाज न करता इंजिन बंद पडलं.

"आता ब्रेक दाबा, सर. सोडा. परत दाबा."

पहिल्यांदा पेडल नेहमीसारखं खाली गेलं. दुसऱ्यांदा निम्मं. तिसऱ्यांदा माझ्या पायाखाली दगड होता.

"ब्रेकला जोर इंजिनकडून मिळतो, स्टेअरिंगलाही," ती खिडकीशी वाकून म्हणाली. "इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबण्यांपुरता साठा उरतो. ब्रेक खराब नाहीच, म्हणून तपासणीत ठीकच निघणार."

चालकाने पहिल्याच दिवशी जे शब्द वापरले होते, तेच माझ्या मनात आले होते. तो मला नेमकं लक्षण सांगत होता आणि मी ते सबब म्हणून लिहून घेतलं होतं. मी गाडीतून उतरलो, पंचनामा लिहायला घेतला.

पुढचा शोध सोपा होता. युनिटचा नंबर ज्या गाडीचा होता, ती पुराच्या पाण्यात बुडून भंगारात गेलेली. कल्याणच्या भंगारवाल्याच्या नोंदीतून नेतिवलीजवळचं एक गॅरेज निघालं. गॅरेजमालकाला मी चौकशीला बोलावलं. चोपन्न वर्षांचा, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेला माणूस.

"अशा गाड्या माझ्याकडे येतच नाहीत, साहेब," माझा प्रश्न संपायच्या आत तो म्हणाला. खरं बोलणारा माणूस सहसा आधी प्रश्न पुरता ऐकून घेतो. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि काम कुठे शिकलात ते विचारलं. तो हळूहळू मोकळा झाला. जुन्या गाड्यांच्या इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून, दुसरं टोक कानाला लावून तो नुसत्या आवाजावर दोष सांगायचा. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मग मी सीलबंद पिशवीतलं युनिट टेबलावर ठेवलं.

त्याने पिशवी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"मीच बसवलेलं," तो म्हणाला. "बसवलं तशी गाडी चालू झाली. मला वाटलं झालं काम. याला कोडिंग लागतं, गरम करून तपासावं लागतं, हे मला नंतर एका पार्टवाल्याने सांगितलं. मी लगेच मालकाला फोन केलेला, गाडी परत आणा म्हणून. ते बोलले, चालतेय ना, मग राहू दे." त्याने मान वर केली. "साहेब, तुमच्याकडे फोनपण मीच केलेला. मोबाइलवर गाडीचा फोटो आला, बघितल्याबरोबर ओळखली. ड्रायव्हरला पकडलंय हे वाचलं. दोन रात्री झोप नाही. समोर यायची हिंमत झाली नाही."

माझ्या नोकरीत स्वतःविरुद्धची खबर स्वतःच देणारा तो पहिला माणूस.

गॅरेजवाल्याने त्यांना केलेल्या फोनची नोंद समोर ठेवल्यावर गाडीमालकांनी फार ताणलं नाही. चालक संगमेश्वरला गावी गेला असताना गाडी बंद पडली होती. कंपनीत पार्ट यायला तीन आठवडे लागणार होते आणि त्यांच्याकडे परदेशी पाहुणे येणार होते. गॅरेजवाल्याने परवा न्या म्हटलं. बाहेर काम केल्याचं उघड झालं तर विमा मिळणार नाही, म्हणून चालकालाही सांगितलं नाही. "एवढ्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मला ते खोटं वाटलं नाही. पण बाकावर बसलेल्या माणसाकडे चार दिवस पाहूनही ते गप्प राहिले होते, हे मी त्यांना सांगितल्याशिवाय राहिलो नाही.

कंपनीच्या तज्ज्ञांनीही इंजिनिअरच्या निष्कर्षाला लेखी दुजोरा दिला. चालकाचं नाव गुन्ह्यातून वगळलं गेलं. मालक आणि गॅरेजवाला आरोपी झाले. दोघांनी न्यायालयात चूक कबूल केली आणि प्रकरण दंडावर निभावलं. कोळणीचा पाय सांधला. पाच-सहा महिन्यांनी ती काठी घेऊन पुन्हा आपल्या जागेवर बसू लागली.

परवाना परत घ्यायला चालक आला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली आणि माझं चुकलं असं म्हटलं. पोलीस ठाण्यात हे वाक्य फारसं उच्चारलं जात नाही. तो संकोचला. आता गाडी चालवणार नाही, हात कापतात, म्हणाला. त्याचं हे बोलणं मी सहज त्या इंजिनिअरच्या कानावर घातलं. तिने दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावून घेतलं.

"सर, माझ्याकडे येणारी दहातली नऊ माणसं गाडी आवाज करते एवढंच सांगतात," ती मला म्हणाली. "ह्यांनी आधी काय झालं, मग काय झालं, ते क्रमाने सांगितलेलं. मशीनइतकाच मला असा माणूस लागतो."

दुरुस्त झालेल्या गाड्या चालवून पाहायचं काम त्याला मिळालं. सुरुवातीला काही दिवस तो फक्त शेजारी बसायचा. मग चालवू लागला. त्याच वर्कशॉपमध्ये दर रविवारी तो गॅरेजवाला वही घेऊन शिकायला येऊ लागला. दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा काय बोलले ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुढे एकदा तिथे गेलो तेव्हा दोघं एका उघड्या बॉनेटवर वाकलेले दिसले.

निवृत्तीनंतर मी डोंबिवलीत स्थायिक झालो. अधूनमधून नव्या उपनिरीक्षकांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी हीच केस सांगतो. माणसाचा चेहरा वाचता येतो याचा मला अभिमान होता. पण या प्रकरणात मला न कळणारी गोष्ट चेहऱ्यात नव्हती, यंत्रात होती. आणि आपल्याला ती कळत नाही हेच मला कळलं नव्हतं. ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, तो फोन आलाच नसता तर?"

खरं तेच सांगितलं. "तर मी सही केली असती."

तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

वर्षभराने तिचाच फोन आला. कल्याणला नेमणूक झाली होती. अपघात झाला होता, गाडी भारीतली, तपासणीत सगळं ठीक निघालेलं, आणि चालक म्हणत होता की गाडीने ऐकलंच नाही.

"सर, मला वाटतं तो खोटंही बोलत असेल," ती म्हणाली. "पण अजून मी काही लिहिलेलं नाही. कोलशेतच्या मॅडमचा नंबर देता का?"