श्रावणात न चालणारी गोळी

विषारी जिवांवर आमच्या दाजींइतकी माया करणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान, डिंगोऱ्याचे बागायतदार. त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेले, की या जातीच्या गोळ्यांची वाट ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून सापडली. झालं! त्या दिवसापासून दाजी झाडून साऱ्या डंखवाल्यांचे वकील झाले. गोठ्यात विंचू निघाला, की त्याला डब्यात घालून स्वतः ओढ्यापलीकडं सोडून येतात. पुढच्या चौकटीला गांधीलमाश्यांनी पोळं केलं, तर घरदार मागच्या दारानं ये-जा करू लागलं. त्यातली एक माशी एका पाहुण्याच्या कानाला डसली. त्याला हळद लावत दाजी म्हणाले, "इष म्हनू नगा, पावणं. औशद हाय ते, फकस्त कच्चं हाय."

आक्का हे सगळं हसून सोसायची. पण यंदा श्रावण लागला आणि दाजींनी गोळीच बंद केली. श्रावणात ते मांसमच्छीला शिवत नाहीत, आणि साप काही भाजीपाला नव्हे! डोकं जड झालं, चेहरा लालबुंद झाला, तरी गडी हटेना. आक्कानं रडत फोन केला, म्हणून नागपंचमीला मी पोचलो. डॉक्टरांना फोन जोडून दिला. गोळी कारखान्यात बनते, तिच्यात सापाचा कणही नसतो, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. दाजी शांतपणे म्हणाले, "डाक्टरसायेब, नळाला आलं तरी पानी नदीचंच की."

मी हात टेकले. तेवढ्यात वारूळ पुजून आक्का घरात आली. आमच्याकडं बायका नागोबाला भाऊ मानतात, त्याच्यासाठी उपास धरतात. तिनं लाह्यांचं ताट खाली ठेवलं आणि गोळी तळहातावर घेऊन दाजींपुढं उभी राहिली.

"आवो, नागोबा माजा भाऊ. ही त्यानं धाडलीया. माज्या म्हायेरचं आलेलं तुमी कदी माघारी लावलंय का?"

दाजी चपापले. सासुरवाडीचा मान मोडणं त्यांच्या सात पिढ्यांत बसणारं नव्हतं.

"मंग आदी सांगायचं न्हाई का!" म्हणत त्यांनी टोपी नीट केली, गोळी कपाळाला लावली आणि घटाघटा पाणी प्याले.

आक्कानं पदरानं डोळे पुसले. मला म्हणाली, "इतकी वर्सं पुजलं त्याला. औंदा पावला बघ."

मी तिचा पाठचा सख्खा भाऊ. पण त्या घडीला वारुळातल्या त्या भावाचा मला मनापासून हेवा वाटला.