भिंतीवरचं बोरन्हाण

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी तिला वळसा घालून पुढे जाते. आज तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. दमले आहे, एवढंच. गुडघे दमलेत, डोळे दमलेत, आणि एकच फोटो भिंतीवर बघून बघून — मनही दमलंच आहे.

मी लहान मुलांचे फोटो काढते. तीस वर्षं झाली. डोंबिवलीत रामनगरला माझा छोटा स्टुडिओ होता, आता नाही. आता कॅमेरा खांद्याला लावून लोकांच्या घरी जाते, पार ठाण्यात माजिवड्याच्या विसाव्या मजल्यावर. महिन्याभराच्या बाळाला लोकरीत गुंडाळून टोपलीत ठेवायचं, त्याच्याभोवती खोटी फुलं मांडायची, आणि ते झोपेत हसेल म्हणून तासभर उकिडवं बसायचं. पूर्वी बरं होतं. डोक्यावर खुळखुळा बांधायचा, कोंबड्यासारखं आरवायचं, की पोरगं हसलंच. मुलांना हसवायचं तर मीच, असं सगळ्या डोंबिवलीत म्हणायचे. आणि घरी माझे दोन मुलगे. दिवसभर दुसऱ्यांची पोरं हसवून आले की स्वतःच्या पोरांसाठी हसायला गाल शिल्लक नसायचे. हे मी गमतीने सांगायचे. गंमत नव्हती ती.

थोरल्याचे फोटो चिक्कार आहेत. पालथा पडला, रांगला, पहिला दात आला, सगळं आहे. धाकटा केदार झाला तोवर स्टुडिओ जोरात होता. दुसऱ्या मुलाचे फोटो कमीच असतात म्हणा, कुठल्याही घरात. पण फोटोग्राफरच्या घरात?

आमच्या हॉलमध्ये एक मोठा फोटो आहे. पाटावर बसलेलं आठ-नऊ महिन्यांचं बाळ, काळं झबलं, हलव्याचा मुकुट पार भुवयांपर्यंत उतरलेला, गळ्यात हलव्याचा हार. वरून बोरं आणि चुरमुरे पडताहेत, आणि बाळ डोळे गच्च मिटून, तोंड वासून रडतंय. उजवी मूठ वर उचललेली, मनगटात हलव्याचं कडं. फार सुरेख आलाय. घरी येणारा प्रत्येक माणूस त्याच्यापुढे थांबतो. आम्ही सांगतो, केदारचं बोरन्हाण.

तो केदार नाही.

सांगितलं एकदाचं. पण एवढंच असतं ना, तर मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं. थांबा जरा, मला हळूहळूच जाता येईल.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमचा हंगाम. दिवसाला तीन-तीन बोरन्हाणं. त्यामुळे केदारचं आम्ही शेवटच्या दिवशी, रथसप्तमीला ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, आज तरी कॅमेरा खाली ठेव, लेकराजवळ बस, फोटो बाहेरच्या कुणाला काढू दे. मला राग आला. माझ्या मुलाचे फोटो बाहेरचा काढणार? जावेने केदारला पाटावर बसवलं, शेजारच्या बायका जमल्या, बिल्डिंगमधली पोरं बोरं लुटायला टपून बसली, आणि मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले. छत्तीस फोटो काढले.

रोल धुतला तर कोरा. एकाही चौकटीत काही नाही. घाईत भरताना रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. वरचा आकडा आपला पुढे सरकत होता, आणि रोल जागचा हलला नव्हता. नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे — खटका ओढलात की डावीकडची खुंटी फिरते का ते बघा. मी बघितलं नव्हतं. आदल्या आठवड्यात वीस बोरन्हाणं झाली होती, डोळे मिटत होते.

सांगून टाकायचं ना? पुढच्या वर्षी पुन्हा करता आलं असतं, पाच वर्षांपर्यंत करतात लोक. पण सासूबाईंना कुठल्या तोंडाने सांगणार होते? आदल्याच दिवशी मी एका मुलाचं बोरन्हाण केलं होतं, डोंबिवलीत, त्याच्या आजोळी. त्याच्या आईचं सासर टिटवाळ्याचं. केदारएवढंच बाळ. दुकानातून आणलेलं तसलंच झबलं, तसलेच दागिने. त्याच्या रोलमध्ये हा एक फोटो होता, ज्यात मुकुट आणि रडणं यांच्यामध्ये चेहरा असा उरलाच नव्हता. मी त्याची एक मोठी प्रिंट जास्तीची काढली. बाकीचे कुठे आहेत विचारलं तर म्हटलं, हाच सगळ्यात चांगला आला. आमच्या ह्यांनी स्वतः खिळा ठोकला. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, रडताना अगदी बापावर जातो.

हसू आलं ना? मलाही आलं होतं तेव्हा.

खरी गोष्ट अशी की केदार त्या दिवशी रडलाच नव्हता. एक बोर मुठीत पकडून ते तोंडात घालायची त्याची धडपड चालली होती, आणि जाऊ ते काढून घेत होती, आणि तो खिदळत होता. एवढंच मला आठवतं. बाकी त्याचा त्या दिवशीचा चेहरा आठवायला गेले की भिंतीवरचा मुलगा समोर येतो. स्वतःच्या मुलाचा चेहरा मी असा पुसला.

आता पुढचं. इथवर मी मनात पुष्कळदा आले आहे आणि इथूनच परत फिरले आहे.

केदार दुसरीत होता. शाळा सुटली की तो स्टुडिओतच यायचा, मागच्या खोलीत डबा खायचा. पावसाळा संपत आला होता. दुपारी एक बाई आली, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. तिने ते टेबलावर ठेवून उलगडलं. फोटोची फ्रेम होती. पुराचं पाणी घरात शिरलं होतं, फोटो भिजून काचेला चिकटला होता, आणि रंग सुटून सगळा पिवळट चिखल झाला होता. एका कोपऱ्यात तेवढं काहीतरी शाबूत होतं — वर उचललेली एक मूठ, मनगटात हलव्याचं कडं.

मी तिला ओळखलं नव्हतं. ती मूठ ओळखली.

"ताई, काच काढू नका हां, सगळं निघून येईल," ती म्हणाली. "ह्याच्यातनं काय होण्यासारखं आहे का?"

मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. अशा फोटोचं काहीच होत नाही.

मग ती सांगत गेली. मुलगा सहा वर्षांचा होऊन गेला. ताप आला, मेंदूत गेला म्हणाले, चार दिवसांत सगळं संपलं. त्याला वर्ष व्हायला आलं होतं. अल्बम पलंगाखालच्या पेटीत होता, त्याचा लगदा झाला. शाळेच्या आयकार्डावर एक होता, तोही पुसट.

"वर्ष होईल आता त्याला. भिंतीवर लावायला एक फोटो नाही हो. हार कशाला घालू?"

तिने पर्समधून माझ्याच स्टुडिओचं जुनं पाकीट काढलं. त्यावर शिक्का होता, मीच करून घेतलेला: निगेटिव्ह जपून ठेवल्या जातात. ती म्हणाली, "तुमच्याकडे असेल ना? इथे लिहिलंय म्हणून आले."

होती. माझ्या पाठीमागच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात. हात लांब केला असता तर लागली असती.

आणि माझ्या डोक्यात काय आलं, सांगू? तो फोटो तिच्या घरी लागेल. त्याला चंदनाचा हार पडेल, पुढे उदबत्ती लागेल. आणि तोच फोटो, तीच मूठ, तेच वासलेलं तोंड माझ्या हॉलमध्ये — केदार म्हणून. माझ्या जिवंत मुलाच्या फोटोला कुणीतरी हार घालणार. मी कधी दृष्ट काढली नाही, लिंबू-मिरची टांगली नाही, असल्या गोष्टींना हसत आले. आणि त्या क्षणी मला ते सहन झालं नाही. माझा नव्हताच तो फोटो. तिच्या मुलाचा होता, त्याला हार घालायचा हक्क फक्त तिचा होता. हे मला तेव्हाही कळत होतं. तेव्हा कळलं नाही, असं मी म्हणणार नाही.

मी म्हटलं, "इतक्या जुन्या नाही हो ठेवत आता. मागे सगळ्या टाकून दिल्या."

तिने पाकिटावरच्या शिक्क्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला. "असू दे ताई, तुम्ही तरी कुठवर सांभाळणार," असं म्हणाली. ती माझी समजूत घालत होती.

तेवढ्यात केदार पडद्यातून बाहेर आला, तोंडाला लोणचं लागलेलं. तिने विचारलं, "कितवीत रे?" तो म्हणाला, दुसरीत. मग पिशवीतून टिटवाळ्याच्या गणपतीचा प्रसाद काढून तिने त्याच्या हातावर ठेवला, फ्रेम पुन्हा टॉवेलात गुंडाळली, माझ्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहिला. चुकून कुठे सापडलं तर कळवा, म्हणाली.

ती जिना उतरायच्या आत मी केदारच्या हातातून ते खोबऱ्याचे तुकडे काढून घेतले. तो विचारत राहिला, का पण? मी त्याला गप्प बस म्हणून ओरडले. मग कपाट उघडलं, त्या रोलची सगळी निगेटिव्ह काढली आणि कात्रीने कापली. नखाएवढे तुकडे होईपर्यंत कापली. तो चेहरा पुन्हा कुठे छापला जाऊ नये म्हणून.

म्हणजे त्या मुलाचा धड असा एकच फोटो आज जगात उरला आहे, आणि तो माझ्या घरात माझ्या मुलाच्या नावाने लागला आहे.

आता मोबाइलवर फोटोचा फोटो काढायला किती वेळ लागतो? ते वहीचं पान माझ्याजवळ आहे. नंबर जुना, लँडलाइनचा, आता लागत नसेल. लावून बघितला का? नाही. पण नाव आहे, टिटवाळा आहे. गेल्या दोन वर्षांत टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगांमध्ये मी तीन शूट केली. तिन्ही वेळा स्टेशनबाहेर रिक्षात बसले, काम केलं, परत आले. कुणाला काही विचारलं नाही. दर वेळी घरी येऊन पंख्याखाली बसते आणि तो समोर असतो, मूठ वर करून.

हार पडेल, ही भीती केव्हाच गेली. केदार मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. मग अजून का नाही सांगत? कारण आता सांगायचं तर आधी घरात सांगावं लागेल. तेव्हा सासूबाईंना घाबरत होते, आता मुलाला घाबरते. भित्री होते, भित्रीच राहिले.

या रथसप्तमीला नातवाचं बोरन्हाण झालं. फोटो मीच काढले, दर दोन फोटोंनंतर स्क्रीन तपासत. सूनबाई, सायली, मोठी हौशी. तिने भिंतीवरचा फोटो काढला, काच पुसली आणि पाटाशेजारी उभा केला. बापलेकांचा एकत्र फोटो हवा होता तिला. नातू बोरं पडायला लागल्याबरोबर भोकाड पसरून रडला. "आई, बघा ना, नाक सेम आहे," सायली म्हणाली, "आणि रडणंपण." सगळ्या बायकांनी वाकून पाहिलं. सगळ्यांना ते नाक सारखं वाटलं.

केदारने मुलाला उचललं, त्याच्या केसांतले चुरमुरे झटकले आणि फोटोकडे बघत मला विचारलं, "आई, मी पण एवढा रडलेलो का गं?"

मी कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही.

"हो रे," म्हटलं. "खूप रडलास."