घरच्यांच्या आवाजातले मूकपट

त्र्यंबकरावांची माझी ओळख त्यांच्या श्रीरामपुरातल्या फोटो स्टुडिओत झाली. माझे वडील नुकतेच गेले होते. एका ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून घ्यायचा होता. त्र्यंबकरावांनी फोटो उजेडात धरला आणि विचारले, "घरात कसे बसायचे हो?" मला सांगता येईना. "आठवलं की या. घाई नाही," म्हणून त्यांनी फोटो परत दिला. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जात आलो आहे.

आता त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. दुष्काळात कसला सत्कार, असे ते म्हणत होते. नको म्हणण्याचाही त्यांना कंटाळा आला, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे.

ज्या घरातले माणूस गेले, त्या घरावर ते छोटी फिल्म करतात. कॅमेरा आठ मिलिमीटरचा, फिल्म मूक. गेलेले माणूस तीत नसते. त्याच्या वस्तू असतात, त्याचे काम असते, ते काम आता करणारे हात असतात. फिल्म मुंबईहून धुऊन आली की पहिल्यांदा त्याच घरात लावायची, आणि बोलायचे घरच्यांनी. घर बोलल्याशिवाय ती बाहेर दाखवायची नाही, हा त्यांचा नियम.

मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून बेलापूरच्या एका फिल्मसाठी निवेदन लिहून नेले होते. खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या. पडद्यावर बैल आला, तशी गेलेल्या शेतकऱ्याची आई बोलू लागली.

"ह्यो त्याचाच. दुसऱ्यानं हात लावला की शिंग हालवतो, मेला."

"आत्ये, फिल्लम बघू दे की," मागून कोणी म्हणाले.

"बघ की. मी काय तुजं डोळं धरलं व्हय?"

त्र्यंबकरावांनी माझ्या हातातले कागद घेतले, त्यांची घडी केली आणि प्रोजेक्टरच्या हलणाऱ्या पायाखाली सारली.

जामखेडकडच्या एका कुटुंबाची फिल्म धुऊन आली, तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होते. सगळे ऊसतोडीला गेले होते. त्र्यंबकराव प्रोजेक्टर घेऊन एस.टी.ने त्यांच्या तळावर गेले; मीही बरोबर होतो. कारखान्याच्या गोदामात विजेची सोय करून घेतली. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे. निम्मी बघता बघता झोपली. मी एकाला हलवणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "झोपू द्या. त्यांच्याच घरचं आहे."

त्यांच्या स्वतःच्या घरचीही एक फिल्म आहे. त्यांची मुलगी शालू शाळकरी वयात तापाने गेली. तिची पाटी, तिचा फ्रॉक, ओट्याची कड. माझ्या मते त्यांचे सर्वांत चांगले काम हेच. मी ते पाहिले, कारण फिल्म जोडताना मी शेजारी होतो. इतर कोणी पाहिलेले नाही. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी ते काम चाललेल्या खोलीत कधी आल्या नाहीत. घर बोललेले नाही.

सत्कार समितीला ती फिल्म समारंभात दाखवायची होती. "घरात विचारा," त्र्यंबकराव म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"तीत शालू दिसते का, भावजी?"

"नाही. तिच्या वस्तू आहेत."

"त्या मी रोज पुसते. त्या बघायला अंधार कशाला करायचा?"

त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"समारंभात नको. घरी लावून ठेवा म्हणावं. मी येईन असं सांगत नाही."

मी हे त्र्यंबकरावांना जाऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी गेलो, तर माजघरात प्रोजेक्टर मांडलेला होता. रीळ चढवलेले होते, समोर एक पाट ठेवला होता. हे लिहीपर्यंत वहिनी त्या पाटावर बसलेल्या नाहीत. त्र्यंबकराव सकाळी यंत्रावरची धूळ झटकतात आणि स्टुडिओत जातात.

त्यांची दृष्टी शाबूत राहो, गुडघे साथ देवोत. वहिनींची प्रकृती चांगली राहो. दोघांनाही भरपूर वर्षे मिळोत. घाई करावी लागू नये, इतकी.