लांब शब्द आणि कणकेचे गोळे

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरासमोरचा फूटपाथ छान आहे, पण तो कुठेच जात नाही. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि एसीची घरघर. नागपूरला मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. इथे आले नवऱ्याच्या व्हिसावर, आणि माझ्या व्हिसावर नोकरीची मुभा नाही.

लेक तिसरीत. लांब शब्द दिसला की रडकुंडीला यायची. मग पोळ्या करता करता मीच शिकवायला लागले. शब्द तोंडात जिथे तुटतो, तिथे लाटणं आपटायचं: अन-कम-फर्ट-ए-बल. अर्थ जिथे तुटतो, तिथे कणकेचा गोळा तोडायचा: अन, कम्फर्ट, एबल.

"पण आई, why only three balls?"

"जिभेची सोय वेगळी, अर्थाची वेगळी," मी म्हटलं.

तिनं हे वर्गात सांगितलं आणि तिच्या टीचरनी मला बोलावलं. भर उन्हात कणकेचा डबा घेऊन मी चालत गेले. वर्गात वाचनात मागे पडलेली मुलं होती. थोड्याच वेळात ती टेबलं बडवत मोठमोठे शब्द फोडायला लागली. किती दिवसांनी माझा आवाज मला माझा वाटला! टीचर म्हणाल्या, वाचनासाठी मदतनीस हवी आहे, ऑगस्टपासून तुम्हीच या.

"अगं, अलाउड नाहीये," नवरा म्हणाला.

"मग फुकट शिकवते."

"पगाराच्या जागेवर फुकटही चालत नाही, यार. ग्रीन कार्ड अडकेल. रिस्क नको."

मला त्याचा भयंकर राग आला. खरं तर तोही व्हिसापायी त्याच नोकरीत अडकलेलाच, पण त्याच्याकडे निदान गाडी होती. मी शाळेला ‘जमणार नाही’ असं कळवलं. टीचरना वाटलं, मी लाजते आहे. लाजते कसली, कपाळ!

ऑगस्टमध्ये त्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात लेक दप्तर टाकून स्वयंपाकघरात आली.

"आई, नवीन टीचरना शब्द फोडायला तुझं dough हवंय. त्यांची clay चिकटते. उद्या देशील?"

"देते की."

"त्या म्हणाल्या, तुझी आई का नाही येत? I said, she's not allowed."

सकाळी मी कणीक भिजवली, तेलाचा हात लावून चांगली मऊ मळली. गोळा डब्यात घातला आणि डबा तिच्या दप्तरात ठेवला. बस आली, ती गेली. मी दार लावून घेतलं.