बुडवलेली सुई

सोनगीरला आमच्या ओट्यावर गोंदणारी बाई येऊन बसली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. आमच्या ओट्यापर्यंत ते काही पोचलं नव्हतं. बाईला बोलावलं होतं आत्यानं. लग्नाच्या वयाच्या पोरीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे ठिपके हवेतच, असा आमच्याकडचा रिवाज. आत्या म्हणाली, मेल्यावर दागदागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. मी म्हटलं, मग मेल्यावर बघू.

तोंडाळ तर मी होतेच. पण आतून पार घाबरले होते. सुईचं काय, ती टोचते आणि जाते. ते ठिपके मात्र कधीच जाणार नव्हते, आणि तोंड माझं असून मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. संताप होता तो याचा.

नको नको म्हणत मी उठले, तशी आत्यानं माझे खांदे दाबले आणि आईला पाय धरायला सांगितलं. गोंदताना पोरींना असंच धरायचं, ही रीतच. आईनं धरले. मोठ्या नणंदेपुढे तिनं जन्मात कधी ब्र काढला नव्हता. गोंदणारीनं काजळीत सुई बुडवली. मी रडत रडत आईला विचारलं, तुलाही असंच धरलं होतं ना गं?

आईचे हात सैल पडले.

"सोडी द्या तिले, अक्का," ती म्हणाली. "आंग तिनं शे." अंग तिचं आहे, असं आत्याला सुनावणारी आई मी पहिल्यांदाच पाहत होते.

आत्यानं माझे खांदे सोडले. मग तिनं शेवटचा मुद्दा काढला: एकदा बुडवलेली सुई रिकामी गेली तर घराला अपशकुन. झालं, आता पुन्हा धरणार, असं मला वाटलं. पण आई माझ्या जागी येऊन बसली आणि तिनं आपला हात पुढे केला. काय काढू, गोंदणारीनं विचारलं. आईनं कोपराखालचा रिकामा हात चाचपला. कपाळापासून कोपरापर्यंत ती गोंदलेली होती, पण हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मनगट पुढे सरकवून म्हणाली, विंचू काढ. आत्या तोंड फिरवून आत निघून गेली.

संध्याकाळी आईच्या सुजलेल्या मनगटाला मी तेल-हळद लावत होते. फार दुखलं का, म्हणून विचारलं.

"दुखनं," आई म्हणाली. मग आपल्या हक्काच्या वस्तूवर ठेवावं तसं तिनं विंचवावर बोट ठेवलं. "पन हाऊ मना शे."