बाबारावांच्या बोटांसाठी रणगाडा

आमच्या घरात रंग न दिलेली वस्तू शोधून दाखवणाऱ्याला मी बक्षीस द्यायला तयार आहे. कुंड्या हिरव्या, गच्चीवरच्या टाकीचं झाकण हिरवं, माझ्या शिलाई मशीनचा पायसुद्धा हिरवा. माझे यजमान शालिग्राम यांनी सगळी नोकरी इथल्या फौजी गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये काढली. नोकरी सुटली, पण हातातला हिरवा रंग काही सुटला नाही. मी एका जागी फार वेळ बसत नाही ते त्याच भीतीने.

रिटायर झाल्यावर लोक नर्मदेवर जातात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर विजय नगरच्या बागेत बसून सरकारला सल्ले देतात. ह्यांनी बाल्कनीत टेबल टाकलं आणि प्लास्टिकचे रणगाडे जोडायला घेतले. खोक्यातून चौकटीत अडकवलेले शेकडो तुकडे निघतात. ते कापायचे, घासायचे, चिमट्याने धरून चिकटवायचे आणि मग रंगवायचे. एवढ्या मोठ्या माणसाने नाकाला भिंग लावून खेळण्याचं चाक घासत बसावं, याची मी यथेच्छ टिंगल केली आहे. तीही त्यांनी गोड मानून घेतली. पण या उन्हाळ्यात जोडलेल्या रणगाड्याची टिंगल माझ्याकडून झाली नाही, कारण तो बाबारावांचा होता.

बाबाराव म्हणजे ह्यांचे कारखान्यातले मित्र. मदन महलला एकटेच राहतात, त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तरुणपणी ते फौजेत रणगाडा चालवत असत आणि एकाहत्तरच्या लढाईत होते. नंतर कारखान्यात लागले आणि नव्या गाड्या चालवून बघण्याचं काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. काचबिंदूने आधी त्यांचा एक डोळा नेला, मग दुसरा. आता त्यांना उजेड आहे की नाही एवढंच कळतं. त्यांची मुलगी विनता बंगलोरला असते. मे महिन्याच्या शेवटी येऊन ती बाबांना कायमचं घेऊन जाणार, असं होळीनंतर ठरलं.

ते ठरल्यावर एकदा बाबाराव आमच्याकडे चहाला आले होते. कप खाली ठेवून म्हणाले, "शालिग्राम, तुला एक सांगू का? चेहरे सगळे आठवतात मला. तुझा आठवतो, वहिनींचा आठवतो. पण माझी गाडी आठवणीतून जाऊन राहिली."

"कोणती गाडी?" ह्यांनी विचारलं.

"टी-पंचावन्न. जिच्यात मी बसलो. डोळ्यासमोर आणायला गेलो की तो तुमचा कारखान्याचा ट्रक येऊन उभा राहते. एकदा नुसता हात लागला असता तिला, तर सगळी परत आली असती."

हे बाबारावांना रिक्षात बसवून आले आणि आमच्या समिधाला, म्हणजे हैदराबादच्या मुलीला, फोन लावला. कधी नव्हे ते स्वतःहून लावला. आठवडाभरात तिने मागवलेलं टी-पंचावन्नचं खोकं घरी आलं. बाबाराव गाव सोडायच्या आत त्यांच्या हातात त्यांची गाडी द्यायची, एवढंच ठरलं होतं. त्यात चूक व्हायला जागा नव्हती, कारण दुकानात ते शेवटचंच होतं, दुसरं खोकं वेळेत मिळणार नव्हतं.

जोडण्याचं काम छान झालं. हा रणगाडा दिसतो कासवासारखा. वर गोल घुमट, घुमटाला धरायच्या कड्या, पुढे डाव्या हाताला ड्रायव्हरने आत उतरायचं झाकण. चाकं एका बाजूला पाच, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात जास्त फट. ही फट पाहिली की टी-पंचावन्न ओळखावा, असं ह्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी आता रस्त्यावरच्या ट्रकची चाकंसुद्धा मोजते. कड्या त्यांनी पितळी तारेच्या केल्या, सांध्यांच्या फटी पुटीने भरल्या आणि मग प्रायमरची वेळ आली.

प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा थर. प्लास्टिक गुळगुळीत असतं, त्यावर रंग धरत नाही, बोटाने घासला की निघतो. शिवाय हाताला प्लास्टिक वेगळं लागतं, पितळ वेगळं, पुटी वेगळी. प्रायमर मारला की सगळं एका अंगाचं होतं, आणि गाडी हाताला गाडी लागते. आता पेंट शॉपमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला प्रायमर कोण शिकवणार? हे कमानिया गेटजवळच्या रंगवाल्याकडे गेले आणि मोटारीच्या पत्र्याला मारायचा स्प्रेचा डबा घेऊन आले. करड्या रंगाचा, चांगला दाट. ओरखडे भरून काढतो म्हणे.

त्यांनी तो मारला, आणि काय सफाईने मारला. एक जागा सुटली नाही, एक ओघळ आला नाही. वाळल्यावर मला हाक मारली. "बघ. आहे का कुठे प्लास्टिक?"

कुठेच नव्हतं. दिसायला तो फारच देखणा होता. पण मी तांदूळ निवडते तेव्हा माझे डोळे टीव्हीकडे असतात आणि खडा बोटांनाच सापडतो. तीच सवय. मी डोळे मिटले आणि रणगाड्यावर हात फिरवला.

"अहो," मी म्हटलं, "ही तर साबणाची वडी आहे."

"काहीही बोलून राहिली. डोळे उघडून बघ जरा."

"बाबारावांना पण हेच सांगणार का?"

माझं बोलणं जरा जास्तच टोचलं हे मला कळलं, पण खोटं नव्हतं. ह्यांनी माझ्यासमोरच डोळे मिटून बोटं फिरवली. बोल्टांची डोकी बुडाली होती. इंजिनावरची जाळी भरून सपाट झाली होती. ड्रायव्हरच्या झाकणाची कड कुठे सुरू होते, ते त्यांनाही सापडेना. त्यांचा चेहरा पडलेला पाहून मला वाईट वाटलं. दोन दिवस ह्यांनी रणगाड्याला हात लावला नाही. त्या रागात त्यांनी गेटची कडी पुन्हा एकदा हिरवी केली.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना आपणहून म्हणाले, "पेंट शॉपमध्ये एकच नियम होता, हेमलता. पत्रा दिसला की गाडी परत. इन्स्पेक्टर येऊन टॉर्च मारायचा. माझी गाडी कधी परत नाही आली."

"मग चूक कुठे झाली?"

"मी झाकत गेलो. तिथे झाकायचंच होतं. एवढा मोठा तो बोल्ट, त्याच्यावर कितीही मार, बोल्ट तो बोल्टच. इथे बोल्ट मोहरीएवढा."

आधी तो थर काढणं आलं. थिनरने निघाला असता, पण थिनरमध्ये ह्यांनी चौकटीचा एक उरलेला तुकडा बुडवून पाहिला तर तो उन्हात ठेवलेल्या चिक्कीसारखा मऊ पडला. मग स्कूटरवाल्याकडून ब्रेक ऑइल आणलं; त्याने रंग सुटतो, प्लास्टिकला काही होत नाही. माझा लोणच्याचा डबा गेला, एक नवा टूथब्रश गेला. हातमोजे घालून हे दिवसभर घासत होते आणि मी खिडक्या उघडत फिरत होते. घासताना घुमटाची एक कडी तुटली, ती पुन्हा केली. शेवटी खालचं मूळचं हिरवं प्लास्टिक वर आलं. सगळी बारीक नक्षी शाबूत होती, म्हणून मी देवापुढे साखर ठेवली.

आता रणगाड्यावर प्रयोग नको, असं मीच बजावलं. हळदीकुंकवाच्या वेळी आइसक्रीमसाठी आणलेले प्लास्टिकचे चमचे उरले होते, ते काढून दिले. ह्यांनी चमच्यांच्या पाठीवर सुईने रेघा ओढल्या, वर मोहरीएवढे तुकडे चिकटवले आणि नव्याने आणलेला पातळ प्रायमर मारला. परीक्षक मी. डोळ्यांवर पदर घेऊन ओळीने चमचे चाचपायचे आणि रेघ कुठल्या दिशेला आहे ते सांगायचं. शेजारच्या शरयूने गॅलरीतून हे पाहिलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे, संध्याकाळी ती माझी तब्येत विचारून गेली.

पहिल्या खेपेला सगळे चमचे रव्यासारखे खरखरीत लागले. रेघ एकही कळेना. हे डबा घेऊन तावातावाने रंगवाल्याकडे गेले, मीही गेले, कारण ह्यांचं भांडण मध्येच सोडवायला माणूस लागतं.

"भैया, डिब्बा खराब है," हे म्हणाले.

त्याने डबा हलवला, पुठ्ठ्यावर मारून पाहिला आणि विचारलं, "दादा, मारा कब था?"

"दोपहर में। छत पर।"

"इस लू में? अरे, इस लू में तो पसीना भी रास्ते में सूख जाता है। रंग बेचारा क्या करे।"

म्हणजे दुपारच्या गरम वाऱ्यात फवारा चमच्यांपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत होता, आणि वर नुसती भुकटी बसत होती. कारखान्यात शेड होती, पंखे होते, मे महिना आत येत नसे. हे परत येताना हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि मला बरं वाटलं.

पुढचे चमचे पहाटे, वारा पडलेला असताना, टाकीच्या आडोशाला मारले. डबा रात्रभर घरात गार ठेवला होता. वीतभर अंतर, हात चालता. त्यातला एक चमचा हातात घेतल्याबरोबर मी म्हटलं, "ही रेघ आडवी. इथे तुकडा. आणि हा तुकडा तिरपा चिकटवलाय तुम्ही." ह्यांनी तो चमचा खिशात घातला आणि तो दिवसभर खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे रणगाडा माझ्या पोळपाटावर ठेवला. पोळपाट खाली वाटीवर फिरता केला होता. मी नवा पोळपाट घ्यायचं कबूल करून घेतलं, मगच हात लावू दिला. हे डबा हलवत होते, मी निघाले, तर म्हणाले, "जाऊ नको. माझा हात थांबत नाही. तू पुरे म्हण."

एवढ्या वर्षांत ह्यांनी मला रंगाच्या कामात असं कधी विचारलं नव्हतं. मी पदर खोचून उभी राहिले. ह्यांनी रणगाड्याच्या बाहेर हवेत बटण दाबलं, हात रणगाड्यावरून नेला आणि पलीकडे हवेतच सोडलं. पुन्हा तसंच. पोळपाट फिरवला, पुन्हा तसंच. करड्या धुरळ्यातून हिरवं प्लास्टिक जागोजागी डोकावत होतं. ह्यांचा अंगठा परत बटणावर गेला.

"पुरे," मी म्हटलं.

"अगं, प्लास्टिक दिसून राहिलं."

"दिसू द्या."

अंगठा काही हलेना. मी पाहत होते, ह्यांच्या मनगटाची शीर ताठ झाली होती. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि हात पाठीमागे बांधून घेतले. थोड्या वेळाने दुसरा हात मारला, तोही विरळ. मग तिसरा, जिथे हिरवं उरलं होतं तिथेच. प्रत्येक वेळी मी पुरे म्हटलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी ऐकलं. ऊन गच्चीवर आलं तेव्हा रणगाडा सगळीकडून करडा होता आणि एकही बोल्ट बुडाला नव्हता.

वर हिरवा रंग द्यायचा होता. तो तर ह्यांचा खास, ब्रश धुऊन ठेवलेले, बाटली काढून ठेवलेली. सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे डोळे मिटून रणगाड्यावर बोटं फिरवत बसले होते. बराच वेळ बसले. मग उठून बाटली कपाटात ठेवली.

"काहून? रंग नाही देत?" मी विचारलं.

"नाही. रंग कितीही पातळ मार, थोडं झाकतेच. त्याला रंगाचं काय करायचं आहे?"

हिरव्या रंगाने आमचं घर व्यापणारा माणूस हे बोलला. मी चहा टेबलावर ठेवला आणि आत गेले.

मदन महलला गेलो तेव्हा विनताने सामान बांधून ठेवलं होतं. संध्याकाळची गाडी होती. भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन राहिले होते. बाबाराव खुर्चीत बसले होते, अंगात प्रवासाचा इस्त्रीचा सदरा. ह्यांनी काही न सांगता रणगाडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला झाले.

बाबारावांची बोटं आधी चाकांवर गेली. एक चाक, मग फट, मग चार चाकं. तिथे थांबली. मग चाकांभोवतीच्या पट्ट्यावरून पुढे, वर, घुमटावर. एकेक कडी त्यांनी चिमटीत धरून पाहिली. तोफेच्या नळीवरून टोकापर्यंत जाऊन ती परत आली आणि पुढे डाव्या बाजूला उतरली. ड्रायव्हरचं झाकण सापडल्यावर त्यांनी नखाने त्याची कड अख्खी फिरून घेतली.

"विनता," ते म्हणाले, "इथून आत उतरायचो मी. आधी पाय, मग खांदे तिरपे करायचे. उंच माणसाला इथे जागा नव्हती. मी बुटका म्हणून मला घेतलं." मग ते पुष्कळ बोलले. वर घुमटात साथी कुठे बसायचे, गुडघा कशाला लागायचा, पहिल्यांदा गाडी नदीच्या वाळूत रुतली ती कशी काढली. विनता पेटीवर बसून ऐकत होती. हे तिने कधी ऐकलं नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

मग बाबारावांनी मान वर केली. "शालिग्राम, रंग कोणता दिला?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हिरवा म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण रंगाच्या बाबतीत ह्यांना खोटं बोलता येत नाही.

"रंग नाही दिला," हे म्हणाले. "नुसता प्रायमर आहे. करडा."

बाबारावांचा हात झाकणावरच होता.

"असू दे," ते म्हणाले. "हिरवा मला दिसून राहिला."